हिमानीच्या गळ्याची शपथ

आमच्या यांना व्याख्यानाचं आमंत्रण द्यायचं नाही, असं शहरातल्या दोन-तीन संस्थांनी आपसांत ठरवलंय म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण आमंत्रण नाही म्हणून घरी बसणारे हे नव्हेत. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून केशवरावांनी संभाजीनगरातलं एकही व्याख्यान सोडलेलं नाही. विषय कुठलाही चालतो. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरायची, डोळे मिटून ऐकायचं, आणि अध्यक्षांनी ‘कुणाला काही विचारायचं असल्यास’ म्हणायचा अवकाश, की हे उभे. स्वयंसेवक माईक लपवतात, पण यांना माईक लागतोच कुठं?

“माझा एक छोटासा प्रश्न आहे, आणि त्याचे तीन उपप्रश्न,” अशी यांची सुरुवात. मग तो प्रश्न गावभर फिरून शेवटी आमच्या सिडकोतल्या नळावर येतो. अजिंठ्याच्या रंगांवर बोलायला आलेल्या बाईंना यांनी विचारलं, त्या चित्रकारांच्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी आलं असतं तर रंग कालवले कशात असते? हृदयविकाराच्या डॉक्टरांना विचारलं, गच्चीवर बादल्या वाहणाऱ्याला वेगळा व्यायाम लागतो का? लोक हसतात, यांना वाटतं दाद मिळाली. मी शेजारी पदर सारखा करत बसलेली असते. इतक्या वर्षांच्या संसारात मला यांचा राग पुष्कळदा आलाय, पण कंटाळा कधी आला नाही, हेही सांगून टाकते.

आमची एकुलती एक लेक हिमानी. नाव यांनीच ठेवलं आणि तिनं ते जरा जास्तच मनावर घेतलं. ती हिमालयातल्या हिमनद्यांचा अभ्यास करते. वर जायचं, बर्फात बांबू रोवायचे, आणि पुढच्या खेपेला बघायचं की बांबू किती उघडा पडलाय. जेवढा उघडा, तेवढा बर्फ वितळला. मला तिनं एवढंच सांगितलं आणि मला कळलं. यांनाही कळलं असणार, पण पटत मात्र नव्हतं.

ती वर जायला लागली आणि यांनी घरात नवाच वाद काढला. हिमनद्या वितळत नाहीत, हवामान वगैरे काही बदललेलं नाही. भर मे महिन्यात पाऊस थांबेना आणि आमचं वर्षाचं वाळवण बुरसलं, तेव्हा म्हणाले, असं आमच्या लहानपणीही व्हायचं. सिल्लोडला भाच्याच्या लग्नात गारपीट झाली, मांडव फाटला, सगळं वऱ्हाड टेबलांखाली शिरलं. तर हे टेबलाखालून मला सांगतायत, “सदुसष्ट सालची गार याच्याहून मोठी होती!” मी कपाळाला हात लावला, तोही खाली वाकूनच.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण फोनवर कुठून कुठून येणारे मजकूर हे हिमानीला पाठवायचे. हिमनद्या उलट वाढतायत, हे सगळं परदेशी निधीसाठी चाललेलं नाटक आहे, वगैरे. आधी ती लांबलचक उत्तरं लिहायची. मग फोन करून भांडायची. मग नुसता अंगठा पाठवायला लागली. भांडत होती तोवर लेक घरात असल्यासारखी वाटायची.

या हिवाळ्यात इथल्या एका व्याख्यानमालेनं तिला बोलावलं. व्याख्यानमाला चालवणाऱ्या तात्यासाहेबांनी मलाच फोन केला, “वहिनी, लेकीचं व्याख्यान ठेवलंय. केशवरावांचं तेवढं तुम्ही बघा.” त्यांच्या मागोमाग हिमानीचा फोन आला.

“आई, आपल्या गावात, आपल्या भाषेत पहिल्यांदाच बोलतेय मी. बाबा त्यात उभे राहून नाटक-बिटक म्हणाले, तर मी नाही येणार पुन्हा. घरीसुद्धा.”

रागातच बोलली. पण माझी लेक रागातही उगीच बोलत नाही.

मी यांच्यापुढं चहा ठेवला आणि म्हटलं, “तिच्या व्याख्यानात एक अक्षर बोलायचं नाही. हिमानीच्या गळ्याची शपथ घ्या.”

“अगं, काहीतरीच काय! सुशिक्षित माणसं आपण.”

“घ्या म्हणते ना.”

यांचा चेहरा उतरला. बशी बाजूला सारली आणि शपथ घेतली. हिमानी लहान असताना मी या दोघांना ऊठसूट तिच्या गळ्याची शपथ घालायची. आता भजी खायची नाहीत, आता गच्चीवर जायचं नाही. मग बाप-लेक दोघं माझ्या मागं लागायची, ‘सुटली म्हण ना.’ ज्यानं शपथ घातली त्यानं ‘सुटली’ म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, हा आमच्या घरचा कायदा.

व्याख्यानाच्या दिवशी यांनी सकाळपासूनच तोंडाला कुलूप लावलं. सराव म्हणून. नळाला पाणी आलं तरी हाका मारल्या नाहीत, खुणाच केल्या. सभागृहाच्या दारावर रशीदभाई असतात. त्यांनी यांना बघून विचारलं, “क्या केशवसाब, आज इतने खामोश? तबियत तो ठीक है ना?” यांनी नुसती मान हलवली. रशीदभाईंनी काळजीनं माझ्याकडं बघितलं.

हिमानी छान बोलली. माझी आहे म्हणून नाही सांगत. पडद्यावर चित्रं होती, बांबूंची, बर्फाची. एका चित्रात पांढऱ्याफेक पसाऱ्यात इवलासा पिवळा तंबू होता. “हे आमचं घर,” ती म्हणाली. पुढच्या चित्रात तीच जागा, पण तिथं नुसता गढूळ पाण्याचा लोट आणि दगड. वितळल्या बर्फाचं वरचं तळं फुटलं होतं. “आम्ही तंबू हलवला, त्याच आठवड्यात,” असं म्हणून ती पुढच्या चित्राकडं वळलीही.

आम्हाला घरी हे माहीतच नव्हतं. अंधारात यांनी माझा हात धरला. चारचौघांत यांनी माझा हात याआधी एकदाच धरलाय, लग्नात, तोही गुरुजींनी सांगितलं म्हणून.

प्रश्नांची वेळ आली तसे मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. “मॅडम, हिमनद्या उलट वाढतायत. हे सगळं परदेशी निधीसाठी चाललेलं नाटक आहे!” शब्दन् शब्द यांचा. हिमानीनं पुन्हा बांबूंची चित्रं दाखवली, समजावून सांगितलं. गृहस्थ म्हणाले, “बांबू काय, तुम्हीच रोवलेले!” चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिमानीचा आवाज खाली गेला. तात्यासाहेब घाईघाईनं आभाराला उठले.

“एक मिनिट,” हिमानी म्हणाली आणि तिनं सरळ आमच्याकडं बघितलं. “बाबा, तुम्हालाही हेच विचारायचं असेल ना? मग विचारून टाका.”

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. यांनी नाही नाही म्हणून मान हलवली आणि आपल्या गळ्याला हात लावून दाखवला. लोकांना वाटलं घसा बसलाय. पुढच्या बाईंनी पर्समधली खडीसाखर मागं केली. हशा झाला. पण यांचे डोळे भरले होते आणि ते मला एकटीलाच दिसत होते.

मी उठले. जन्मात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं. मोठ्यानं म्हटलं, “सुटली! शपथ सुटली!”

हिमानीनं ते ऐकलं मात्र, तिचा चेहराच बदलला. हे उभे राहिले. छोटासा प्रश्न नाही, उपप्रश्न नाहीत.

“हिमानी,” हे म्हणाले, “तो पिवळा तंबू... आता जिथं टाकतेस, तिथं खाली बर्फ किती जाड आहे?”

“बाबा, त्या हिमनदीची सरासरी जाडी...”

“सरासरी नको गं. तू झोपतेस तिथला सांग.”

कुणी हसलं नाही. हिमानी म्हणाली, “मला पेलण्याइतका आहे, बाबा. पण दरवर्षी कमी होतोय.”

“दरवर्षी?”

“हो.”

हे मागं वळले आणि त्या गृहस्थांना म्हणाले, “अहो, तुम्ही म्हणालात ना, ते मी गेली कित्येक वर्षं घरात म्हणतोय. ते खरं असावं असं मला फार वाटत होतं. लेक तिथं झोपते हो माझी.”

आणि खाली बसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की हा माणूस इतकी वर्षं कशाशी भांडत होता. आभार राहूनच गेले. हिमानी पायऱ्या उतरून आली, यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि लहानपणी रडायची तशी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. हे तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होते, “अगं, लोक बघतायत, लोक बघतायत.”

सध्या ती वर गेलीय. आता हे तिला कुठलेच मजकूर पाठवत नाहीत, नुसतं विचारतात, “बांबू किती?” डोंगर उतरून फोन लागेल तिथं आली, की ती उत्तर लिहिते. मग हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सांगतात, “अंबिका, हिमानीचं उत्तर आलं बरं का. काही विशेष नाही. घोट्याएवढाच उघडा पडलाय म्हणतेय.”

मी यांचा फोन आधीच बघितलेला असतो. तिनं लिहिलेलं असतं, माझ्या कमरेएवढा.

मी म्हणते, “बरं झालं बाई,” आणि यांना चहा टाकते.