चौथा मंगळवार

अबाकालिकीच्या गिरणीत तेहतीस वर्षं मी भाताची पोती वाहिली. काम कोण करतं आणि कोण नुसतं दाखवतं, हे मला लांबून कळतं.

शेतीसल्लागार रोझलीन अलो काम करायची. बूट बांधावर काढून गुडघाभर चिखलात उतरायची. रोपाचा पोंगा नखाने फाडून आतली अळी तळहातावर ठेवायची. "अग्नेस, पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ झाला की लोंबी नाही. युरिया टाकू नकोस, अळी माजेल."

अग्नेस न्वाली माझी शेजारीण. घरात सहा तोंडं आणि वर्षाचा तांदूळ दोन शेतांतून.

गेल्या वर्षी शेतीखात्याच्या कचेरीने संगणकावर परीक्षा घेतली. रोझलीन नापास. 'कौशल्य अपुरं.' तिला फायलींना चिठ्ठ्या डकवायला बसवलं. तिच्या जागी केलेची नावाचा सल्लागार आला. दर चौथ्या मंगळवारी फेरी.

आमचा बाजाराचा आठवडा चार दिवसांचा. त्यातल्या पहिल्या दिवसाचं नाव 'एके'. त्या दिवशी बाजार, अख्खं गाव तिकडे. फेरीचा मंगळवार दर अठ्ठावीस दिवसांनी, म्हणजे बरोबर सात बाजार-आठवड्यांनी येतो, तोही एकेच्याच दिवशी. केलेची आंब्याखाली बसायचा, 'शेतकरी गैरहजर' लिहून निघायचा.

एकदा अग्नेसने त्याला बाजारात गाठलं. "साहेब, वरच्या शेतात पोंगे पोकळ झालेत."

"युरिया टाका, मावशी."

"येऊन बघा की!"

"पुढच्या फेरीला."

साहेबच सांगतोय म्हणून तिने वरच्या शेतात युरिया टाकला. पोकळ पोंगे दुप्पट झाले.

मी कचेरीत गेलो. "फेरी एक दिवस पुढे ढकला. एवढंच."

"वेळापत्रक वरून येतं, बाबा," कारकून म्हणाला.

"तुमचं जेवणही वरूनच येतं का?"

शेजारच्या टेबलावर रोझलीनने मान वर केली. रविवारी ती स्वतःचं पेट्रोल जाळून आली आणि चिखलात उतरली. वरचं शेत हातचं गेलं होतं. खालच्या शेतात टाकायचा युरिया तिने थांबवला. तिथे अकरा पोती झाली. वरच्यात दोन.

परवानगीशिवाय फिरली म्हणून रोझलीनला नोटीस मिळाली. केलेचीच्या फेऱ्या कागदावर पूर्ण भरल्या.

अग्नेसचा तांदूळ जूनमध्ये संपला. नवं भात नोव्हेंबरात. तोवर सहाजण सकाळ-संध्याकाळ कसावाच्या पिठाची गारी खातायत, तीही पातळ.

परवा चर्चच्या दारावर यंदाचं वेळापत्रक लागलं. मी बोटांवर मोजलं. पुन्हा चौथा मंगळवार. पुन्हा बाजार.

"दादा," अग्नेस म्हणाली, "यंदा माझ्या मिरच्या विकल्या नाहीत तरी चालेल. त्या दिवशी मी बांधावर बसते. उतरू दे त्याला चिखलात."

"आणि नाही उतरला तर?"

"बूट मी काढते त्याचे."

मी म्हटलं, एक पाय मी धरतो.