टोपीची चौकशी करणारा सिंट

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आल्यापासून आमच्या नवऱ्याला एक आजार जडलाय. जेवताना फोनवर काहीबाही वाचायचं आणि घरच्यांचं ज्ञान वाढवायचं. त्या दिवशी वरणभात कालवता कालवता त्याने आमच्या दहा वर्षांच्या लेकीला सांगितलं, की तू ज्या बाईंच्या रहस्यकथा वाचतेस, त्या बाई कधी जन्मालाच आल्या नव्हत्या. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एका प्रकाशकाने ते नाव बनवलं, गोष्टींचे आराखडे दिले आणि भाड्याच्या लेखकांकडून मुलींसाठी पुस्तकांमागून पुस्तकं लिहून घेतली. लिहिणाऱ्यांनी तोंड उघडायचं नाही, असा करार.

लेकीचा घास हातातच राहिला. ती पुस्तकं तिने जुन्या सामानाच्या दुकानातून शोधून शोधून जमवली होती. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर याच बाईंबद्दल बोलायचं ठरलं होतं. “नेप,” ती म्हणाली. डचमध्ये खोट्याला हाच शब्द, आणि तोंडावर फेकायला फार सोयीचा. पुस्तकं पलंगाखाली गेली. मी बोलणार नाही, टीचरना कळव, असं तिने मला बजावलं. मला नवऱ्याचा इतका राग आला की त्याला शिळी भेंडी वाढली.

तेवढ्यात सिंटरक्लासची संध्याकाळ आली. सिंटरक्लास, लाडाने सिंट, म्हणजे डिसेंबरात मुलांना भेटी आणणारा इथला म्हातारा संत. इथे भेटीबरोबर चिडवणारी कविता द्यायची पद्धत आहे. लिहितात घरातलेच, खाली सही सिंटची. मोठ्या मुलांना ते ठाऊक असतं, पण कोणी बोलत नाही. मी माझ्या मोडक्या डचमध्ये कविता रचली, पुस्तकात नाक खुपसण्यावरून लेकीला यथेच्छ चिडवलं आणि सही ठोकली.

तिने ती मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“डबा संपवलास का, असं सिंट विचारत नाही, आई. सायकलवर टोपी घाल, असंही सांगत नाही.”

सिंट म्हातारा झालाय, त्याला काळजी वाटते, अशा थापा मी मारल्या. ती ऐकतच नव्हती. तिने पलंगाखालची पुस्तकं ओढून काढली आणि जमिनीवर बसून चाळायला लागली. एका पुस्तकातल्या मुली चोर समोर असतानाही खात होत्या. दुसऱ्यात कोणी पाणीसुद्धा पीत नव्हतं, पण मोटार बिघडली की नायिका स्वतः बाह्या सरसावायची. लेकीने एकेका लिहिणारीचा वेगळा ढीग लावला. ही भुकेली बाई, ही मोटारवाली, ही उठसूट रडणारी.

मग ती वर्गात बोलली. पुस्तकावरचं नाव खोटं, पण लिहिणाऱ्या खऱ्या होत्या आणि त्यांना लपता आलं नाही, असं सांगून तिने पुरावे वाचून दाखवले. टीचरनी मला शाळेच्या फाटकात गाठून हे कौतुकाने सांगितलं.

घरी आल्यावर लेकीने फ्रिजवरची माझी कविता काढली. सिंटची सही खोडून वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘आई’ लिहिलं. मराठीत तिला तेवढंच लिहिता येतं. मी जवळ घ्यायला गेले तर म्हणाली थांब, आणि माझी यमकं दुरुस्त करायला बसली.

“आता खाली तुझं नाव आहे,” ती म्हणाली. “मग नीट नको?”