एका तोंडाला एक दिवस

गाव सोडलं त्या सकाळी सुलोचना, माझी बायको, अंगण सारवत होती. मी पिशवी उचलली तरी तिने मान वर केली नाही. आई म्हणाली, "मागे बघू नको रे, पाय निघत नाही मग." मी बघितलं नाही. लांज्याहून गाडी धरली आणि दुबईला गिलाव्याच्या कामावर गेलो.

एकतीस वर्षं अल क्वोजच्या कॅम्पात राहिलो, परक्यांच्या भिंती गुळगुळीत केल्या. दर दोन वर्षांनी एक महिना सुट्टी. यल्ला यल्ला, चल चल करत सगळं खलास. आता शारजाला मुलाकडे असतो. फाल्गुनात सुलोचना गावीच वारली. मी पोचेपर्यंत पुतण्याने अग्नी देऊन टाकला होता. तेव्हापासून डोळे मिटले तर तिचं तोंड दिसत नाही. फोटोतलं दिसतं, तिचं नाही. हे कुणाला बोललो नव्हतो.

मन रमेल म्हणून महेशने, माझ्या मुलाने, सुट्टीत इटलीला नेलं. तिथे एक जुनं चर्च होतं, टोकदार उंच कमानींचं. गॉथिक म्हणतात म्हणे. भिंतींवरची चित्रं बघायला जगातून माणसं येतात. मी गिलावा बघत होतो. तिरप्या उजेडात जोड दिसले.

"आजोबा, डोन्ट टच!" नात ओरडली.

"हात नाही लावत गं. महेश, हा जोड बघ. ओल्या गिलाव्यावर रंगवलंय. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच मारायचा. पुढचा उद्या."

"बाबा, इथे पण साईटवरच का तुम्ही?"

चित्रातल्या आभाळाचा मोठा पट्टा रंगवणाऱ्याने एका दिवसात उरकला होता. खाली मढ्यापाशी रडणारी एक बाई होती. तिच्या नुसत्या तोंडाभोवती वेगळा जोड, ताटाएवढा. एका तोंडाला अख्खा दिवस! आमच्या फोरमनने हाकललाच असता त्याला.

मी बाकावर बसलो. सुलोचनाकडे मी अख्खा दिवस कधी बघितलं? सुट्टीत कौलं चाळायची, कुंपण घालायचं, लोकांकडे जायचं. एक दिवस आठवेना. तिथेच रडलो. लोकांना वाटलं, म्हातारा चित्र बघून रडतोय.

परत आल्यावर महेशला म्हटलं, "तिकीट काढ. फक्त जायचं."

"तिथे कोण आहे आता, बाबा?"

"शेजारी आहेत. त्यांनी तिला रोज बघितलंय."

तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना हसू येईल. जे इकडे आखातात आले त्यांना येणार नाही. माझं घर आता तेवढंच, तिला रोज बघितलेली चार माणसं. एकेकाच्या दारात जाऊन विचारणार, ती कशी दिसायची. नवरा असून विचारतो म्हणून तोंडावर थुंकले तरी चालेल.