बिलावर काकांचं नाव

२००७ साली मी कासार आंबोलीत एका शेतकरी कुटुंबाच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. नोकरी हिंजवडीत, घर परभणीकडचं. तिकडून येताना मी एकच जड वस्तू आणली होती, ती म्हणजे माझा कॉम्प्युटर. कॉलेजात असताना एकेक भाग गोळा करून तो मी स्वतः जोडला होता. रविवारी त्यावर गाड्यांच्या शर्यतींचा गेम खेळायचा, हे माझं एकमेव व्यसन. एका रविवारी ऐन वळणावर पडद्यावर रंगीत पट्टे आले आणि गाडी त्यांत विरघळून गेली. ग्राफिक्स कार्डाचा पंखा बंद पडून कार्ड जळलं होतं.

घरमालक काका पौड-कोळवण रस्त्यावर जीप चालवायचे. शेत काकूंच्या अंगावर होतं. त्याच आठवड्यात विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर जळला होता, त्यामुळे पुढच्या रविवारी आम्ही तिघं एकाच जीपनं पुण्यात गेलो.

कॉम्प्युटरच्या दुकानात मी म्हणाले, "एजीपी स्लॉटचं, जुन्या खाचेचं कार्ड हवंय." दुकानदारानं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि काकांकडे वळून विचारलं, "काका, बजेट किती?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर माझा आहे."

"हो हो," तो म्हणाला, आणि एक चकचकीत खोका काकांच्या हातात ठेवला. "लेटेस्ट आहे, काका. मुलगा खूश होईल."

कुठला मुलगा? काकांना तीन मुली, तिघी सासरी! पण काकांनाही तो मान आवडला असावा. कार्ड बाहेर काढून, कोवळी भेंडी मोडून बघावी तसं ते वाकवून बघत "व्हय, लई भारी हाय," असं म्हणायला लागले. माझं डोकं फिरलं. मी कार्ड ओढून घेतलं, त्याची खालची कड दुकानदाराच्या नाकासमोर धरली आणि सांगितलं की हे माझ्या मदरबोर्डवर बसणारच नाही, खाच वेगळी आहे.

तर तो काकांना म्हणतो, "काका, जुन्या स्लॉटचं आता मिळत नाही. अख्खं मशीनच बदलून टाका."

मी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वरच्या फळीवरचे खोके काढा. मिळाल्याशिवाय मी उठणार नाही." तिसऱ्या खोक्यात मिळालं. धूळ खात पडलेलं, पण नवंकोरं, माझ्या मशीनला चालेल असंच. पैसे मी दिले. दुकानदारानं पेन उचललं आणि विचारलं, "नाव काय टाकू, काका?" काकांनी सांगितलंही! कार्डाची वॉरंटी दोन वर्षं काकांच्या नावावर राहिली.

जीपमध्ये माझं तोंड बंद होईना. मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या काकू शांतपणे ऐकत होत्या. "जाऊ दे पोरी, असंच असतंय," एवढंच म्हणाल्या. असंच का असावं, यावर मी त्यांना आणखी एक भाषण दिलं.

ते भाषण पंपाच्या दुकानापर्यंत पुरलं. तिथल्या माणसानं विचारलं, "मोटर किती एचपीची?"

"पाच असंल," काका म्हणाले.

"साडेसात हाय," मागून काकू म्हणाल्या.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनीयर ना, काकांनी दुकानात शिरतानाच सांगितलं होतं! म्हणाले, "काका सांगतायत ना, पाचचाच द्या."

संध्याकाळी कार्ड बसवलं. पडदा लख्ख झाला, गाडी सुसाट सुटली. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

मंगळवारी सकाळी कंपनीच्या कॅबसाठी निघाले, तर काकू विहिरीवरून परत येत होत्या. नव्या स्टार्टरला मोटर पेलतच नव्हती, सारखा ट्रिप होऊन तो ती बंद पाडत होता. वांग्यांना आणखी दोन दिवस पाणी नव्हतं. मी पुन्हा पेटले. "फसवलं त्यानं! मी येते भांडायला."

"त्याला कशाला बोल लावतीस? मोटर साडेसातची हाय. रोज मीच चालू करतीया, मला ठावं न्हाई व्हय?"

"मग दुकानात ठासून सांगायचं ना, काकू!"

काकूंनी पायांवरचा चिखल पायरीला पुसला.

"सांगितलं की," त्या म्हणाल्या. "तुज्याकडंच बघून सांगितलं व्हतं."