करवंटीतला चहा

काशीला जाऊन आलेलं माणूस आवडीचा एक पदार्थ तिथे कायमचा सोडून येतं, अशी आमच्याकडे रीत होती. रत्नागिरीत आमच्या आळीतली बहुतेक माणसं कारलं सोडून येत. कुणी पडवळ, कुणी घोसाळं. देवाला द्यायचं तेही माणूस हात राखूनच देतो, आणि मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. आमच्या आत्याने मात्र दूध सोडलं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. तिला दूधभात जीव की प्राण, म्हणून दूध सोडलं. परत आली त्या दिवशी दुपारी आईने नेहमीसारखा चहा करून तिच्या पितळी फुलपात्रात ओतला. आत्याने ते हातात घेतलं, तोंडाजवळ नेलं आणि खाली ठेवलं.

"वयनी, ह्यात दूध आहे गो."

"वन्सं, हे तुम्हाला आत्ता आठवलं?"

"घाटावर डोळ्यांपुढे दूधभात होता. चहाचं कुणाच्या मनात येतंय?"

वडील पोट धरून हसले. आई हसली नाही. ती का हसली नाही हे तेव्हा मला कळलं नाही, पण लवकरच कळलं.

आमचं घर माणसांनी भरलेलं. दिवसभर आई आणि आत्या एकाच स्वयंपाकघरात वावरत, पण बोलायला सवड नसे. दुपारी तीनच्या सुमारास पुरुष माणसं बाहेर, मुलं शाळेत किंवा हुंदडायला गेलेली. तेव्हा चुलीपाशी त्या दोघी चहा घेत बसत. तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. त्यात काय बोलत ते मी कधी नीट ऐकलं नाही, कारण मी जवळ गेले की मला पाणी आणायला पाठवत.

चहा सुटल्यावर आत्या त्या वेळी माजघरात वाती वळत बसू लागली. आईने दोनदा बोलावलं. "नुसती येऊन काय करू? तुझ्या तोंडाकडे बघत बसू?" असं म्हणून ती तिथेच बसली. आई एकटीच चहा पिऊ लागली, तोही उभ्या उभ्या. एकदा मला म्हणाली, "तीन वाजले की घर खायला उठतं." मला वाईट वाटलं, पण काशीत सोडलेलं थोडंच परत घेता येतं.

उपाय परसाच्या दगडी गडग्यापलीकडून आला. शेजारचा बोटीवरचा खलाशी रजेवर घरी आला होता. कलकत्त्याला लोक बिनदुधाच्या चहात लिंबू पिळतात, असं तो त्याच्या आईला सांगत होता, ते आईने गडग्यापाशी कपडे वाळत घालताना ऐकलं. आमच्या परसात लिंबाचं झाड होतं. दुसऱ्याच दिवशी तिने चहा उकळला आणि त्यात गूळ घातला. साखर हाडांनी शुभ्र करतात असं आत्याच्या कानावर आलं होतं, त्यामुळे ती साखरेला शिवत नसे. मग लिंबू पिळून फुलपात्र माजघरात नेऊन दिलं. आत्याने एक घोट घेतला आणि परसात जाऊन चूळ भरली.

फुलपात्राची कल्हई कधीच उडाली होती. दुधाच्या चहाला ते चालून गेलं, लिंबाला चालेना. आंबटाने पितळ उतरून चहा पार कळकला होता. कल्हईवाला पावसाळा सरल्याशिवाय आमच्या बाजूला फिरकत नसे, आणि चिनी मातीचा कप आत्याला सोवळ्यात चालत नव्हता. वडील म्हणाले, "सोडलंय तिने, तर सोडू दे की. तुझं काय अडलंय?"  आईचं काय अडलंय हे त्यांना सांगून कळलंही नसतं.

तिने नारळाची एक जाड करवंटी निवडली, काचेच्या तुकड्याने आतबाहेर तासली, खोबरेल चोळून गुळगुळीत केली. चहा मातीच्या बोळक्यात उकळला, खाली उतरवला, जरा निवल्यावर लिंबू पिळलं. उकळत्यात पिळलं तर कडू होतं, हे तिने आधी स्वतः पिऊन पाहिलं होतं. करवंटी पुढे आल्यावर आत्या म्हणाली, "शेवटी माझ्या हाती करवंटी दिलीस म्हणायची." पण ती उठली आणि चुलीपाशी येऊन बसली. त्या दिवशी मला तीनदा पाणी आणायला पाठवलं.

तेव्हापासून दोघीही लिंबाचाच चहा घेत. आईला दुधाची बंदी नव्हती, तरी ती आत्यासमोर दुधाचा घेत नसे. अशी बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मी माहेरपणाला येई तेव्हाही तीनला लिंबाचा वास येई.

आत्या शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा मी तिथे होते. वैद्य म्हणाले, दूध द्या. तिने नकारार्थी मान हलवली. आई चमच्याने करवंटीतला चहा पाजत होती. आत्या म्हणाली, "वयनी, खरं सांगू? हा चहा मला कधी आवडलाच नाय."

आईने चमचा करवंटीत ठेवला. मग म्हणाली, "मलाही नाही."

दोघी हसल्या. आत्याला हसताना खोकला आला, म्हणून आईने तिला टेकू दिला. त्यानंतर आत्या फार दिवस राहिली नाही.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर वडील म्हणाले, "आता तरी तू दुधाचा घे." आई "हो" म्हणाली. तीन वाजता तिने भरपूर दूध घालून चहा केला, दोन घोट घेतले आणि कप माझ्यापुढे सरकवला. मग परसात जाऊन लिंबू तोडून आणलं आणि फळीवरची करवंटी काढली. तिचा उरलेला चहा मी प्यायले. छान झाला होता.