ओरिजिनल वहिनी

वहिनी रेकॉर्ड केलेल्या आवाजालासुद्धा उत्तर द्यायच्या. फोन लावल्यावर पलीकडची बाई "हिंदीसाठी दोन दाबा" म्हणाली की वहिनी म्हणायच्या, "दाबते की ताई," आणि मग दाबायच्या. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं ऐकू आलं की "आमच्यासाठी पण हाय" म्हणून ओढणी सावरून नीट बसायच्या. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "हसा. आपल्याशी कुणी बोलतंय आन् आपण गप बसायचं व्हय?"

सोलापूरच्या एका कॉलेजात आम्ही टेक्स्टाइलचा डिप्लोमा करत होतो. वर्गात सगळे अठरा-एकोणीसचे आणि वहिनी तिशीच्या, एका पोरीच्या आई. माहेर-सासर दोन्ही वैरागकडचं, नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायच्या डाइंग खात्यात सुपरवायझर. वर्गातला एक मुलगा त्यांचा लांबचा दीर लागायचा. तो वहिनी म्हणाला म्हणून आम्ही म्हणायला लागलो, आणि सहामाहीपर्यंत हजेरी घेताना सरही "वहिनी?" असं विचारू लागले. त्या उभ्या राहून "हाय की सर" म्हणायच्या. सासऱ्यांनी शिकायला परवानगी दिली होती, पण एका अटीवर. एकदा जरी नापास झाल्या तरी पुस्तकं बंद. हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, जणू बाकावर कुठं बसायचं हे सांगत होत्या.

शेवटच्या वर्षाला मागावर नक्षी विणायचा, जकार्ड डिझाइनचा विषय आला आणि त्याबरोबर त्याचं सॉफ्टवेअर आलं. म्हणजे सॉफ्टवेअर आलं नाही, त्याचं नाव आलं. किंमत विचारली तर ती आमच्या वर्षभराच्या फीच्या वर होती. सरांनी फळ्यावर नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "ओरिजिनलच पाहिजे. पायरसी म्हणजे चोरी." हे सांगताना त्यांच्या मागच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, ही विंडोज अस्सल नाही असं इंग्रजीतून लिहून आलेलं होतं. ते कायमच तिथं असायचं. सर त्याला हात न लावता त्याच्या कडेकडेनं शिकवायचे.

वर्गातल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी एक पेनड्राइव्ह पैदा केला. तो बाकाबाकांवरून प्रसादासारखा फिरला. वहिनींच्या हातात आला तेव्हा त्यांनी तो न लावताच पुढे दिला. "का हो वहिनी, पाप लागतं का?" एकानं विचारलं. "पापाचं मला म्हाईत न्हाय. लॅपटॉप परगावच्या भावजींचा हाय. काय शिरलं-बिरलं त्यात तर त्यांना काय तोंड दाखवू?" शिरायचं ते आमच्याच लॅपटॉपमध्ये शिरलं. आठवडाभरानं एकेकाच्या फाइली उघडेनाशा झाल्या. मग आम्ही सभ्य झालो आणि कंपनीच्या साइटवरून महिनाभराची फुकट ट्रायल उतरवून घेतली. वहिनी तेवढ्या काळात आलेख कागदावर नक्षीचे चौकोन रंगवत बसल्या होत्या. "ट्रायल घ्या की," मी म्हटलं. "महिना संपला की अर्धं काम कुणाच्या दारात नेऊ?"

ट्रायलमध्ये डिझाइनवर तिरकी इंग्रजी अक्षरं उमटायची. पडद्यावर ती इतकी फिकट दिसायची की आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही. पण मागाला फिकट-गडद कळत नाही. जी फाइल द्याल ती तो इमानेइतबारे विणतो. परीक्षेसाठीचा माझा टॉवेल विणून आला तेव्हा मोर सुरेख उतरला होता आणि त्याच्या पोटावरून शेपटीपर्यंत, जाड सुतात, 'फक्त चाचणीसाठी, विक्रीस मनाई' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. वहिनींचं डिझाइन अजून कागदावरच होतं, बाकी सगळ्या वर्गाचे टॉवेल तसेच. माझे वडील जन्मभर यंत्रमागावर काम केलेले. त्यांनी टॉवेल उजेडात धरला, काठ तपासला आणि आमच्या घरच्या तेलुगूत विचारलं, "विणकाम चांगलंय. हे नाव कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

सरांनी टॉवेलांचा ढीग पाहिला. पंधरवड्यावर परीक्षा होती आणि बाहेरचे परीक्षक येणार होते. "ओरिजिनलवर करून, परत विणून आणा. नाहीतर त्यांच्यासमोर उभं राहू नका," एवढं बोलून ते स्टाफरूममध्ये गेले. आमच्यातल्या कुणाची एटीकेटी लागली असती, कुणाला घरी बोलणी बसली असती. वहिनींचं मात्र शिक्षणच तिथं संपणार होतं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा डबा न उघडता बसलेलं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "आपण कंपनीलाच इचारलं तर?"

आम्ही पुन्हा हसलो. एवढी मोठी कंपनी वैरागच्या बाईशी काय बोलणार? वहिनींनी नंबर शोधला, त्या रेकॉर्डवाल्या बाईच्या सगळ्या सूचना पाळल्या आणि शेवटी एक जिवंत मुलगी फोनवर आली. "बेटा," वहिनींनी आपली खास सोलापुरी हिंदी काढली, "गरीब इस्टुडंट के लिए तुम्हारे पास कुछ है क्या?"

"स्टुडंट के लिए तो फ्री है, मॅडम. आपके कॉलेज का ईमेल आयडी डालिए, बस."

"कब से फ्री है?"

"शुरू से, मॅडम."

वहिनींनी फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. मग त्यांनी डबा उघडला.

आता कॉलेजचा ईमेल. ऑफिसात भाऊसाहेब बसायचे. वहिनींसोबत मीही गेले.

"विद्यार्थ्यांना मेल आयडी देत नाही आपण," ते म्हणाले.

"पर का?"

"कुणी अर्ज केला नाही अजून."

"मग मी करते की."

"अर्ज ऑनलाइन घेतो आता. कॉलेजच्या मेल आयडीवरूनच यायला पाहिजे."

वहिनींनी बोटांवर मोजलं. "भाऊसाहेब, म्हंजे आधी मेल, मग अर्ज, मग मेल. असंच की?"

"तसंच," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

प्राचार्य म्हणाले की विषय विचाराधीन आहे. कुणाच्या विचाराधीन, हे वहिनींनी विचारलं, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. कॉलेजची मेलची व्यवस्था तासिकेवर शिकवणाऱ्या एका सरांनी उभी केली होती. ते नोकरी सोडून वेळापूरला गावी गेले आणि मुख्य पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. मग फोन का केला नाही? प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. "संबंध जरा... तसे राहिले नाहीत."

शनिवारी वहिनी आणि मी एसटीनं वेळापूरला गेलो. ते सर घरामागं शेळ्यांना पाला टाकत होते. त्यांनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटलं, त्यांनी कधीच बदलला असेल. कुणी विचारलंच नाही." पासवर्ड आमच्या हाती देणं त्यांना बरं वाटेना, म्हणून वहिनींच्या फोनवरून त्यांनी थेट प्राचार्यांना लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

"लिहून घ्या सर. पी, ए, जी, ए, आर."

"हं."

"के, ए, डी, एच, आय. सगळं जोडून. शेवटी प्रश्नचिन्ह."

पलीकडं कागदाचा आवाज आला. प्राचार्य लिहिलेलं वाचत असावेत. 'पगार कधी?' असा तो पासवर्ड होता. मग त्यांनी घसा साफ करून विचारलं, "कॅपिटल की स्मॉल?"

"स्मॉल, सर. पगार स्मॉलच होता."

वहिनींनी चहाचा कप तोंडासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला.

सोमवारी सगळ्या वर्गाला आयडी मिळाले, मंगळवारी सॉफ्टवेअर. टॉवेल पुन्हा विणले गेले आणि यावेळी मोराच्या अंगावर मोराखेरीज काही नव्हतं. वहिनी पास झाल्या. आलेख कागदावर आधीच सगळं पक्कं केल्यामुळं त्यांचं काम आमच्या सगळ्यांच्या आधी मागावर चढलं होतं. वार्षिक समारंभात संस्थेच्या डिजिटल दूरदृष्टीबद्दल प्राचार्यांचा सत्कार झाला. गुच्छ द्यायला वहिनींना स्टेजवर बोलावलं. त्यांनी तो दिला आणि माइक समोरच होता म्हणून म्हणाल्या, "वेळापूरच्या सरांचा राहिलेला पगार पण द्या की." टाळ्या वाजल्या. पगार मिळाला की नाही, ते मला ठाऊक नाही.

डिप्लोमा हातात पडल्यावर सॉफ्टवेअर बंद झालं. विद्यार्थी असेपर्यंत फुकट, आणि त्याच्यावर पोट भरायची वेळ आली की पूर्ण किंमत. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या युनिटमध्ये आम्ही दोघी मुलाखतीला गेलो. मालकांनी विचारलं, "सॉफ्टवेअर येतं?"

"येतं," वहिनी म्हणाल्या.

"मग तुमचंच घेऊन या. आमच्याकडं नाही."

"माग पण घरनंच आणू का साहेब?"

मी जमिनीकडं पाहिलं. मालकांनी आम्हाला चहा न देताच निरोप दिला. पण त्याच महिन्यात एका परदेशी गिऱ्हाइकानं लायसन्सचा कागद मागितला आणि मालकांचा फोन आला. त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं, वहिनींना घेतलं, आणि वहिनींनी हट्ट धरल्यामुळं मलाही घेतलं. खंडेनवमीला मागांची पूजा झाली तेव्हा मालकांनी लायसन्सच्या फ्रेमलाही झेंडूचा हार घातला. पाहुण्यांना ते आधी फ्रेम दाखवायचे, मग माल. वहिनी म्हणायच्या, "देव बसला, आता कामाला लागू."

मागच्या वर्षी त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. सासरे थकलेले, वैरागला बघणारं दुसरं कुणी नव्हतं. वहिनींनी काम सोडते म्हणून सांगितलं. मी रडले, त्या रडल्या नाहीत. "त्यांनीच माझ्या पोरीला सांभाळलं म्हणून मी कॉलेजात बसले. आता दुसऱ्या कुणाला सांगू?" मालक दोन दिवस लायसन्सच्या फ्रेमसमोर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी लायसन्सवाला कॉम्प्युटरच गाडीत घातला, मला मॉनिटर मांडीवर घेऊन बसायला सांगितलं आणि स्वतः वैरागपर्यंत गाडी चालवली. ज्वारीच्या पोत्यांना सरकवून त्यांनीच टेबलाला जागा केली. आतल्या खाटेवरून सासूबाईंनी अडखळत विचारलं, कोण आलंय. वहिनी म्हणाल्या, "हापिस आलंय, आत्या."

परतताना मालकांनी सोलापूरच्या बार्शी नाक्यावर गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "या बाईला आपण ठेवलंय की तिनं आपल्याला?"

आता रोज सकाळी वैरागहून डिझाइन येतं आणि मी ते मागाला देते. त्यात दुरुस्त करायला काही नसतं. तरी मी कुठली तरी शंका काढते आणि वहिनींना फोन लावते.