उजेडाचा फ्लॅट

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. मुलाला सांगितलं नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी दुसरंच काहीतरी पुटपुटते आणि उठते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी नागपूरला महालात राहते. नवव्या मजल्यावर, कोपऱ्याच्या फ्लॅटमध्ये. आमची ही बिल्डिंग आहे ना, तिथे आधी आमची गल्ली होती. गल्ली तरी कसली — समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकीला कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागायचं. मोजकी घरं. त्यातलं एक माझं, आणि भिंतीला भिंत लागून मंदाचं.

मंदा कपडे शिवायची. ब्लाउज, परकर, पोरींचे ड्रेस. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत निघून गेला तो परत आला नाही. मूलबाळ नाही. ते घर तिनं मशीनवर बसून उभं केलं — आधी समोरची खोली, मग मागचं न्हाणीघर, मग केव्हातरी वर स्लॅब. दार कायम गल्लीकडे उघडं. माप द्यायला आलेली बाई चहा घेतल्याशिवाय उठायची नाही. माझे यजमान गेले तेव्हा मीही तिथेच बसायचे. ऑफिसातून आले की रिकाम्या घराचं कुलूप काढायला माझा हात धजत नसे. मी हे तिला कधी बोलले नव्हते, पण तिला कळलं. माझी एक किल्ली तिनं मागून घेतली, आणि मग रोज मी यायच्या आत माझ्या घरात दिवा लागलेला असायचा.

असं माणूस होतं ते. हे आधी सांगितलं पाहिजे — नाहीतर पुढचं तुम्हाला साधं वाटेल.

मग बिल्डर आला. सगळी घरं मिळून एकच उंच बिल्डिंग, प्रत्येकाला फ्लॅट, लिफ्ट, खाली गाड्यांना जागा. पण एकजण जरी अडला तरी काम सुरू होणार नव्हतं. गल्लीतले बहुतेक हो म्हणाले. मंदा नाही म्हणाली. तिचं म्हणणं सरळ होतं — लिफ्टनं वर चढून माझ्याकडे ब्लाउज शिवायला कोण येईल? आणि दार बंद करून घरात बसायचं, तर त्याला घर का म्हणायचं?

माझे दोन्ही हात हातात घेऊन ती म्हणाली, "तू सही नको करू वं नलू. आपण दोघी राहिलो तं कोणी काही करू शकत नाही."

मी म्हणाले, नाही करत. शपथसुद्धा घेतली. तिनं मागितली नव्हती, मीच घेतली.

आणि त्याच महिन्यात जाऊन सही करून आले.

का? पुण्याहून मुलगा मागे लागला होता, हे खरं आहे. पण त्याचं नाव पुढे करणार नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला होता की उरलेल्यांत जो आधी सही करेल त्याला फ्लॅट निवडता येईल. त्यानं नकाशा पसरला आणि मी कोपऱ्याच्या फ्लॅटवर बोट ठेवलं. दोन्हीकडून उजेड, सकाळचं ऊन. इतकंच. मला तो फ्लॅट हवा होता. उठता उठता मी त्याला म्हणाले, एवढ्यात हे कुणाला सांगू नका. तो हसला. त्याला काय, त्याच्या सोयीचंच होतं — हेच आमिष तो उरलेल्यांनाही दाखवणार होता.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही — हे तर मी अजून सांगू शकते.

त्यानंतर मी रोज मंदाकडे जात राहिले. चहा पीत राहिले. गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडे शिवायला टाकणं बंद केलं. हळदीकुंकवाला तिला वगळलं. कुणी तिच्या दारासमोर मुद्दाम गाडी लावून जायचं. "माझं कोणी ऐकून नाही राहिलं, पण तू आहेस ना," असं ती म्हणायची, आणि मी मान हलवायचे. एकदा तिला प्रश्न पडला — हे लोक मला एवढं बोलतात, तुला काहून नाही बोलत? मग उत्तरही तिनंच शोधलं, "तू सरकारी ऑफिसातली. तुले भेतात." तेव्हाही मी मान हलवली. गावाहून, कुहीच्या तिच्या भावाकडून नवे तांदूळ आले की त्यातले अर्धे अजूनही माझ्याकडे यायचे. मी ते शिजवून खाल्ले.

मी तिला लढायला सांगत होते, हेही लिहून टाकते. "घाबरू नको, मी आहे," असं म्हणायचे. काय होतं ते? मला आजही नीट कळत नाही. तिच्या घरातून उठून जायची माझी तयारी नव्हती, एवढं खरं. शेवटपर्यंत तिची एकुलती मैत्रीणही राहायचं होतं आणि फ्लॅटही हवा होता.

आता पुढचं. हे अवघड आहे.

गल्लीच्या टोकाला वैरागडे बाबा राहायचे. अंथरुणाला खिळलेले. त्यांचं छप्पर गळायचं आणि बिल्डरच्या भरवशावर त्यांनी दुरुस्ती थांबवलेली. एक दिवस त्यांची सून मंदासमोर बसून रडली. धमक्यांना, टोमण्यांना मंदा बधली नव्हती. त्या सुनेचं रडणं तिला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि सही करून आली.

तिथून ती तडक माझ्याकडे आली. उन्हाळा होता, कूलर चालू होता, त्याच्या घरघरीत मला तिचं पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. ती आत आली नाही. उंबऱ्यावरच बसली.

"मले माफ करशीन का वं नलू? मी सही करून आली." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आपलं दोघींचं ठरलं होतं, अन् मीच आधी हरली. माह्या पायी आता तुलेबी घर सोडा लागते."

एक वाक्य पुरलं असतं. मंदा, मी तुझ्या कितीतरी आधी सही केली. ती चिडली असती, कदाचित दोन थोबाडीत दिल्या असत्या — आणि एका अपराधाच्या ओझ्यातून सुटली असती, जो तिचा नव्हताच.

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं तिला राग वाटला. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं मला — आणि मी ते तसंच राहू दिलं. नुसतं राहू दिलं असतं तरी... पण नाही. मी तिला म्हणाले,

"निदान मला विचारायचं तरी होतंस."

हेच ते. हे वाक्य. ते बोलताना माझा आवाज खरोखरच दुखावल्यासारखा निघाला. कुठून आला तो आवाज? मंदा उंबऱ्यावर बसून रडत होती आणि मी वर उभी होते. थोड्या वेळानं ती उठून गेली. जाताना माझी किल्ली दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवून गेली.

त्यानंतर राग धरून राहणं सोपं गेलं. गल्ली रिकामी झाली, घरं पडली, आम्ही भाड्याच्या खोल्यांत पांगलो. बिल्डिंग उभी राहिल्यावर मी कोपऱ्याचा फ्लॅट घेतला. मंदाची सही शेवटची, म्हणून तिला उरलेला मिळाला — दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. ती दिवसा ट्यूबलाइट लावून शिवायची. पुढे डोळ्यांनी साथ सोडली तसं तेही थांबलं. बिल्डरनं आपल्यावर डूख धरला, असं ती सगळ्यांना सांगते. लिफ्टमध्ये भेटली तर मी मोबाइलमध्ये बघते. ती भिंतीला चिकटून उभी राहते, मला जागा व्हावी म्हणून.

माझ्या घरात सकाळपासून ऊन असतं. कुणी येत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलगा फोन करतो. ज्या गल्लीत दिवसभर कुणाचा ना कुणाचा आवाज असायचा तिथेच, तेवढ्याच जमिनीवर, मी टीव्ही लावून जेवते.

गेल्या महिन्यात वैरागड्यांची सून लिफ्टमध्ये म्हणाली, "मावशी, जाऊ द्या ना आता. मंदाताई म्हणते, चूक माझीच होती, नलूचा राग बरोबर आहे."

त्याच दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. सांगायलाच गेले होते. लिफ्टमध्ये वाक्य जुळवलंही होतं. मंदानं दार उघडलं. आधी तिला मी ओळखू आले नाही, तिनं डोळे बारीक केले. मग दोन्ही हातांनी माझं मनगट धरून आत ओढलं, खुर्चीवरचे कपडे खाली टाकले, मला बसवलं.

"राग गेला का वं तुहा?" तिनं विचारलं.

तोंड उघडलं होतं मी. वाक्य तयार होतं.

"गेला," मी म्हणाले.

ती रडली, हसली, माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "लय मोठं मन आहे वं तुह्यं." आणि चाचपडत स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पोहे टाकले.

मी ते खाल्ले. आता रोज दुपारी जाते.